डीबीडीसाठी हेलियम की आरगॉन? किनाऱ्यावरच्या लॅबचा हिशोब

डीबीडी म्हणजे डायइलेक्ट्रिक बॅरियर डिस्चार्ज: दोन इलेक्ट्रोडमध्ये काच घालून उरलेल्या फटीतल्या गॅसमध्ये पेटवलेला विद्युत डिस्चार्ज. काचा बसल्या, ट्रान्सफॉर्मर मिळाला, आता गॅस कुठला? साध्या हवेवरही डीबीडी चालतो, १८५७ साली सीमेन्सने ओझोनसाठी तेच केलं. पण तो वास लॅबभर नको म्हणून हवा बाजूला ठेवतो.

दिसायला हेलियमला तोड नाही. कमी व्होल्टेजला पेटतो, फटीत सारखा उजेड पसरतो आणि सीआरओवर (विजेचा आलेख पडद्यावर दाखवणारं यंत्र) अर्ध्या सायकलला करंटचा एकच सुबक पल्स. वातावरणाच्या दाबावर असा स्थिर, एकसारखा उजेड (ग्लो) १९८८ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवला, तोही हेलियमच्या जोरावर. आरगॉनला व्होल्टेज जास्त लागतं, उजेडाचे बारीक तंतू नाचत राहतात आणि करंटच्या जागी काट्यांचं रान उगवतं. एकेक काटा नॅनोसेकंदांत मोजण्याइतका छोटा. कॉलेजचा सीआरओ त्याची खरी उंची दाखवेलच असं नाही.

तरी मी आरगॉनकडे झुकलो, कारण रत्नागिरीचा पावसाळा. हेलियम हवेच्या सातपट हलका. घरी चिकटवलेल्या अॅक्रिलिकच्या पेटीत तो वर जमतो, दमट हवा तळाशी बसून राहते. वरून गॅस सोडून खालून हवा काढली तर थोडं जमतं, पण झाकणाच्या फटीतून हेलियम निसटतो आणि ओल पुन्हा आत येते. थोडा नायट्रोजन हेलियमला चालतो, स्पेक्ट्रममधला ३९१.४ नॅनोमीटरचा पट्टा त्याचीच खूण. पाण्याची वाफ वाढली की मात्र सगळं बिनसतं. माझ्याकडे तरी सकाळचा एकसंध पल्स दुपारी दोन-तीन तुकड्यांत फुटायचा, आणि बाहेर सर येऊन गेली की तिसराच ग्राफ. पोरं विचारायची, "सर, यातला जर्नलमध्ये कुठला चिकटवू?"

आरगॉन हवेपेक्षा जड. तळातून हळू सोडला की टाकीत पाणी चढावं तसा चढतो. ओल त्यालाही बाधते, पण तंतू मुळातच विस्कटलेले, त्यामुळे ग्राफचं रूप तेवढं पालटत नाही. पॉवरसाठी काटे मोजायचेच नाहीत, १९४३ ची मॅनलीची रीत आहे: अर्थच्या बाजूला कपॅसिटर आणि लिसाजू आकृती, म्हणजे व्होल्टेजसमोर चार्ज मांडला की सीआरओवर उमटणारी बंद आकृती. समांतरभुज चौकोनाचं क्षेत्रफळ म्हणजे एका सायकलची ऊर्जा. चार्ज उभ्या अक्षावर घेतला तर कमी उताराच्या बाजूतून अख्ख्या सेलची कपॅसिटन्स कळते, जास्त उताराच्या बाजूतून काचेची. तंतू कुठेही नाचोत.

स्पेक्ट्रमलाही सोय आहे. आरगॉनच्या ६९६.५, ७५०.४, ७६३.५ आणि ८११.५ नॅनोमीटरच्या रेषा अॅक्रिलिकमधून आरामात बाहेर येतात. वेबकॅम लावणार असाल तर आतला इन्फ्रारेड फिल्टर काढा. पाण्याच्या वाफेतून बनणाऱ्या ओएचचा ३०९ नॅनोमीटरचा पट्टा मात्र साधी काच आणि अॅक्रिलिक दोन्ही गिळतात. तो हवा असेल तर गॅस कुठलाही घ्या, क्वार्ट्झची खिडकी लागणारच.

शिवाय आरगॉन टिग वेल्डिंगवाल्यांकडे मिळून जातो. फुग्यांचा हेलियमही पेटतो, पण त्याच्या शुद्धतेवर मी तरी प्रबंध लिहिणार नाही.

व्हॅक्यूम पंप आणि घट्ट चेंबर असेल, किंवा कापडावर एकसारखी प्रक्रिया हवी असेल, तर हेलियमच घ्या, मी अडवणार नाही. आरगॉनचे तंतू एकाच जागी रेंगाळले तर काचेवर डाग पडतो. गॅस कुठलाही असो, काच इलेक्ट्रोडपेक्षा चांगली रुंद ठेवा आणि सप्लाय बंद करून, सेल अर्थ करून तिच्या कडा रोज स्पिरिटने पुसा. खाऱ्या ओलीचा थर बसला की डिस्चार्ज फट सोडून कडेने सरपटायला लागतो.