कवेलू ठेवायचे की टीन टाकायचं? थंडीआधी ठरवताना

दिवाळी झाली की आमच्याकडे घरोघरी हा विषय निघतो: छपरावर कवेलू, म्हणजे मातीची कौलं, तशीच ठेवायची की टीनचे पत्रे टाकायचे. पाऊस गेलेला असतो, सोयाबीनचे पैसे हाती आलेले असतात. छप्पर उघडं करायला याहून बरा वेळ नाही. पण थंडीच्या रात्री टीन कसं वागतं ते आधी पाहा. मी दोन्हींखाली हिवाळे काढले आहेत.

विदर्भाच्या उन्हाचं सगळे बोलतात, थंडीचं कोणी नाही. २९ डिसेंबर २०१८ ला नागपूरचा पारा ३.५ अंशांवर उतरला होता. आभाळ निरभ्र असलं की छपराची ऊब रात्रभर वर निघून जाते. पत्रा जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड, त्याच्याजवळ साठवलेली ऊब ती किती! दिवस मावळला की तो गार पडतो आणि पहाटेपर्यंत बाहेरच्या हवेपेक्षाही थंड होतो. घरातल्या माणसांच्या श्वासाची, चुलीवरच्या भाताची वाफ मग त्यालाच जाऊन चिकटते. टीन टाकलं त्या वर्षी आईची गोधडी पहाटे पायथ्याशी ओली लागली. पावसाचा तर थेंब नव्हता. बॅटरी मारून पाहिलं तर पत्रा आतून घामेजलेला, आणि पन्हळीतून ओघळत आलेलं पाणी बोल्टाच्या टोकावरून टप टप पडत होतं.

कवेलूंचं असं होत नाही. भाजलेली माती जाड, एकावर एक चढलेली, मधे थोडी हवा. रात्र हळूहळू गार होते. फटींतून वारा येतो हे खरं, पण चुलीचा धूरही त्याच फटींतून बाहेर जातो. आढ्याजवळचे सरकलेले आणि फुटलेले कवेलू तेवढे बदलले तरी बराच फरक पडतो.

मग लोक कवेलू का काढतात? वानरांमुळे. टोळी एकदा छपरावरून उड्या मारत गेली की सकाळी अंगणात खापराचे तुकडे. शिवाय कवेलू फेरणारी, म्हणजे काढून पुन्हा नीट बसवणारी, जुनी माणसं थकली, नवी या कामाला येत नाहीत. गावात वानरं असतील आणि फेरणारा मिळत नसेल, तर टीन टाकणाऱ्याला मी चूक म्हणणार नाही. वानरांचा त्रास नसेल तर मात्र कवेलूच ठेवा. छप्पर कोणतंही ठेवा, मातीच्या भिंती पाडू नका, दिवसाचं ऊन त्याच धरून ठेवतात.

टीन टाकायचंच असेल तर खाली बांबूचा तट्टा मारा, पत्र्यापासून वीतभर अंतर सोडून. आम्ही बुरडाकडून तट्टे विणून घेतले, वरून शेणामातीनं लिपले. गोधडी परत ओली झाली नाही, आणि मे महिन्यातली दुपारही सुसह्य झाली. थर्माकोल स्वस्तात बसतो, पण उंदीर कुरतडतात आणि ठिणगी पडली तर पेट घेतो. चुलीच्या घरात तो नकोच. तणसाचा, म्हणजे धानाच्या पेंढ्याचा, थरही नको, कारण तेच.

एक गोष्ट कळकळीनं सांगतो. छप्पर कोणतंही असो, दारं-खिडक्या लावून कोळशाची शेगडी जवळ घेऊन झोपू नका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतच माणूस जातो. शेकून झालं की शेगडी अंगणात ठेवा.

तट्ट्यांचं आजच सांगून ठेवा. कापूस फुटला की सगळे हात वेचणीला जातात, मग लिपायला माणूस मिळत नाही.