भजी, बिस्किट की भाकरीचा तुकडा?

आमच्या विंगमधल्या एका जोडप्याने मागच्या महिन्यात कुत्र्याचं देशी पिल्लू घरी आणलं. त्याच्या दोन वेळच्या जेवणाचं त्यांचं ठरलंय, घोडं अडलंय ते अधल्यामधल्या खाण्यावर. आपल्या ताटातलं तळलेलं थोडं चालतं का, की बिस्किटावर भागवावं, की काहीतरी वेगळं उकडून ठेवावं, असं त्यांनी मला लिफ्टमध्ये विचारलं. चार मजल्यांत उत्तर मावेना. आमची कुत्री चिंगी आता सात वर्षांची आहे, वजन बारा किलो. हे तिन्ही प्रयोग तिच्यावर, खरं तर आमच्यावर, होऊन गेलेत. म्हणून जरा बैजवार लिहितो. चॉकलेट देऊ नका, शिजवलेलं हाड देऊ नका, हे सांगत बसत नाही. ते आता सगळ्यांना ठाऊक आहे.

आधी तळलेल्याची बाजू मांडतो, कारण त्याची जरा जास्तच बदनामी झाली आहे. कुत्र्याला तेलातुपाचं वावडं नसतं, चरबी त्याला पचते. एखाद्या साध्या वेफरने काही आकाश कोसळत नाही. आणि आमिष म्हणून त्याला तोड नाही. पुण्यातल्या वेताळ टेकडीवर मोराच्या मागे सुसाट सुटलेली चिंगी माझ्या हाकांना धूप घालत नव्हती, ती वेफरच्या पाकिटाच्या चुरचुर आवाजासरशी माघारी आली, हे मी विसरलेलो नाही.

भानगड होते ती एका दमात पोटात भरपूर तेल गेलं की. सहकारनगरातल्या माझ्या एका मित्राकडे पाहुणे जेवून गेल्यावर उरलेल्या कचोऱ्या लॅब्राडोरच्या वाट्याला आल्या. दुसऱ्या दिवशी तो पुढचे पाय जमिनीवर पसरून, मागचा भाग वर करून उभा. घरातल्यांना वाटलं, नमस्कार करतोय. फोटोही काढले. उलट्या सुरू झाल्यावर डॉक्टरांकडे नेलं, तेव्हा कळलं की स्वादुपिंडाला सूज आली आहे आणि पोट दुखत असलं की कुत्री अशी उभी राहतात. तीन दिवस सलाईन. ते फोटो त्याने नंतर पुसून टाकले. आता हा लॅब्राडोर आधीच गोल होता, आणि जाड कुत्र्यांना हा त्रास लवकर गाठतो. तुमचं पिल्लू काटक असेल, कचोरी पचवेलही. पण पचेल की नाही हे आधी कळायला मार्ग नाही.

मला मात्र तेलापेक्षा तेलात काय पडलंय याची जास्त धास्ती वाटते. कांदाभजी कुणी देत नाही, पण बटाटावड्यात लसूण असतो, मसाला वेफरवर कांद्या-लसणाची भुकटी असते. कांदा तळला काय, वाळवला काय, कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडायचा त्याचा गुण जात नाही. लसूण वजनाला वजन त्याहून कडक. वजनाच्या अर्धा टक्का कांदा एका वेळी पोटात गेला की धोका धरतात. चिंगीच्या हिशोबाने 60 ग्रॅम, म्हणजे एक बेताचा कांदा. एका वड्यात तेवढं काही नसतं, हे मान्य. पण याची लक्षणं त्याच दिवशी दिसत नाहीत. दोन-चार दिवसांनी कुत्रं मलूल होतं, हिरड्या फिक्या पडतात, लघवी गडद होते, आणि तोवर रविवारी कुणी काय भरवलं होतं हे घरात कुणालाच आठवत नसतं. दिवाळीच्या चिवड्यातले बेदाणे हा आणखी एक ताप. त्यांनी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. कुठल्या कुत्र्याला किती बेदाणे बाधतील याचा अंदाज बांधता येत नाही. त्यामुळे फराळाच्या दिवसांत आमच्याकडे चिवड्याचा डबा माळ्यावर.

बिस्किटाची गोष्ट निराळी. त्याने कुणाला सलाईन लागल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. साधं ग्लुकोज बिस्किट म्हणजे मैदा, साखर, थोडं तेल. आमच्या डॉक्टरांचं म्हणणं एवढंच, की वरखाणं दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या दहाव्या हिश्शाच्या पुढे जाऊ नये. चिंगीला दिवसाला साधारण 700 कॅलरी लागतात, त्यातल्या 70 वरखाण्याच्या. एका बिस्किटाच्या साधारण 25. म्हणजे तीन बिस्किटांत खातं बंद. आमच्याकडे वॉचमनकाकांचं एक, तळमजल्यावरच्या आजींची दोन आणि आईच्या चहातलं भिजलेलं अर्धं, एवढं सकाळी नऊच्या आत होत असे. खारी तर पदरापदराला तूप-डालडा घेऊन येते, तिला मी भजीची चुलत बहीण समजतो. शुगर-फ्री बिस्किट असेल तर मात्र पाकिटावर झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) लिहिलंय का ते डोळ्यांत तेल घालून बघा. त्याने कुत्र्याच्या रक्तातली साखर धाडकन उतरते.

एवढं सगळं माहीत असूनही आम्ही दोन वर्षं थोडी भजी, थोडं बिस्किट असंच चालवलं होतं. माझा निर्णय झाला तो मुंग्यांमुळे.

झालं असं, की संध्याकाळी चहाबरोबर काही चमचमीत मिळालं, की रात्री चिंगी स्वतःच्या भांड्याकडे ढुंकून बघत नसे. नाकाने भांडं ढकलायची, आजूबाजूची फरशी नाकानेच उकरल्यासारखं करून ते जेवण ‘पुरायची’, आणि आमच्या ताटाकडे तोंड करून बसायची. आज ना उद्या खाईल म्हणून भांडं तिथेच राहायचं. पहाटे उठावं तर गॅलरीच्या जाळीपासून भांड्यापर्यंत आणि तिथून थेट ओट्यापर्यंत तांबड्या मुंग्यांची रांग. मी भांडं पाण्याच्या परातीत ठेवून पाहिलं, ती आधी ते पाणी प्यायली. हळदीची रेघ ओढली, तर दोन दिवस पिवळं नाक घेऊन हळदीकुंकवाला आल्यासारखी घरभर फिरली. रोज सहा वाजता, डोळे धड उघडायच्या आत, मुंग्या झटकत ओटा पुसायचा याचा मला इतका कंटाळा आला की एका सोमवारी मी जाहीर केलं, आजपासून आपल्या ताटातलं बंद.

पहिले दोन दिवस असहकार. तिसऱ्या रात्री भांडं असं चाटलेलं की घासायची गरज वाटू नये. मुंग्या आठवड्यात गेल्या. एका कुत्रीवरून आणि एका गॅलरीवरून काढलेला हा निष्कर्ष आहे, याला शास्त्र म्हणू नका. पण सकाळचा माझा अर्धा तास परत मिळाला, हे खरं.

मग वरखाणं म्हणून काय द्यायचं? डॉक्टरांनी चिकन सांगितलं. बोनलेस, मीठ-मसाला-फोडणी काही नाही, नुसतं उकडायचं, अंगठ्याच्या नखाएवढे तुकडे करून डब्यात भरून फ्रीजरला. कुत्र्याच्या दृष्टीने विचाराल तर याला उत्तरच नाही. पण आमच्या ओट्यावर चिकन येत नाही, त्यामुळे त्याची शेगडी गॅलरीत, पातेलं वेगळं, आणि वास येतो म्हणून आई तेवढा वेळ खालच्या बाकावर. शिवाय फिरायला नेताना खिशात ओलं चिकन ठेवून बघा एकदा. अजून एक, चिकन लाडाचं खाणं म्हणून ठीक; कौतुकाच्या भरात पूर्ण जेवणच नुसत्या चिकनचं करू नका, त्यात कॅल्शियम पुरेसं नसतं.

भाकरी आईने सुचवली, आणि मी आधी ते हसण्यावारी नेलं. ज्वारीची, बिनमिठाची, रात्रीची उरलेली भाकरी तव्यावर मंद आचेवर कडक करायची आणि मोडून डब्यात भरायची. कुत्र्याला धान्य पचत नाही असं ठासून सांगणारे भेटतात. पण 2013 मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी लांडगा आणि कुत्रा यांची जनुकं ताडून पाहिली, तेव्हा पिष्ट पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती कुत्र्यात कितीतरी जास्त निघाल्या. माणसाच्या उष्ट्यावर हजारो वर्षं काढल्याचा हा परिणाम असावा. उरुळी-यवतकडच्या वाड्यावस्त्यांवर राखणीची कुत्री भाकरीवरच पोसली जातात, त्यांना हे कुणी कळवायची गरज नाही. कडक भाकरी खिशात चिकटत नाही, दोन दिवस टिकते, मुंग्यांना तिच्यात फारसा रस नाही, आणि वॉचमनकाकांनाही त्यातलेच चार तुकडे देऊन ठेवता येतात, म्हणजे त्यांचंही मन राखलं जातं. बदल म्हणून मंडईतून आणलेल्या लाल भोपळ्याच्या वाफवलेल्या फोडी. पोट बिघडलं असेल तेव्हा त्या बऱ्या.

ज्या घरात चिकन शिजतं त्यांनी खुशाल चिकन द्यावं, माझ्यापेक्षा त्यांचं कुत्रं जास्त ऐकेल. बिस्किटाला सोडचिठ्ठी देववत नसेल तर दिवसाला एक, तेही मोडून चार वेळा. तळलेल्याला मात्र मी स्वतः परत जाणार नाही.

टेकडीवर भाकरीचा टिकाव लागेना, हेही कबूल करतो. मोर दिसला की चिंगीला ज्वारीचं काही पडलेलं नसतं. त्यावर तोडगा असा काढलाय, की वेफरचं एक रिकामं पाकीट आतून स्वच्छ पुसून त्यात भाकरीचे तुकडे भरून नेतो. आवाज तोच येतो.