वारशाचा हिरा बेळगावात विकताना: पेठेची सेवा कुठे पुरते, कुठे कमी पडते

जुनं सोनं घेणं बेळगावच्या सराफपेठेला उत्तम जमतं. खडेबाजार असो की शहापूरची सराफ गल्ली, पाटल्या-बिलवर घेऊन गेलात की वजन होतं, कस लागतो, त्या दिवसाचा भाव कळतो. दोन पेढ्यांच्या आकड्यांत फार अंतरही नसतं. त्याच काट्यावर आजीच्या हिऱ्याच्या कुड्या ठेवल्या की बोलणं बदलतं. ‘सोन्याचे देतो, खड्यांचं काही धरत नाही.’ यात लबाडीच असते असं नाही. सोनं आटवून दुसऱ्या दिवशी कामाला लागतं. हिरा आटत नाही, त्याला तसंच गिऱ्हाईक मिळावं लागतं, आणि ते छोट्या पेढीवर रोज येत नाही. म्हणून आमचं मत आधीच सांगतो: सोन्यासाठी इथली सेवा चांगली आहे, हिऱ्यासाठी ती फक्त पहिली पायरी आहे. दोन्हींचा सौदा एका बैठकीत करू नका.

सगळ्यात महागात पडणारी चूक वजनाची असते. सोन्याचा कॅरेट शुद्धता सांगतो, हिऱ्याचा कॅरेट वजन सांगतो. हिऱ्याचा 1 कॅरेट म्हणजे 0.2 ग्रॅम, आणि त्याचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट. सात-सात हिऱ्यांच्या दोन कुड्या घ्या, प्रत्येक खडा 10 सेंटचा. चौदा खडे मिळून 1.40 कॅरेट, म्हणजे 0.28 ग्रॅम. सोन्याचं निव्वळ वजन काढताना एवढंच वजा व्हायला हवं. घाईत कोणी ‘खडे 1.40’ ग्रॅम समजून वजा केले, तर हिऱ्याचे पैसे मिळत नाहीतच, वर 1.12 ग्रॅम सोनंही जातं. हिशेबाच्या चिठ्ठीवर खड्यांच्या आकड्यापुढे ग्रॅम की कॅरेट हे लिहून घ्या. काटाही बघा. दोनच दशांश दाखवणाऱ्या सोन्याच्या काट्याची एक पायरी 0.01 ग्रॅमची असते, म्हणजे हिऱ्याच्या भाषेत 5 सेंट. एकट्या खड्याला एवढी ढिलाई चालत नाही. कॅरेटचा वेगळा काटा नसेल त्या पेढीवर हिऱ्याचं वजन ठरवू नये.

दुसरा प्रश्न, खडा हिरा आहे का? पेढीवरचं पेनासारखं टेस्टर खड्यातून उष्णता किती लवकर वाहते ते पाहतं. काच आणि अमेरिकन डायमंड त्यात लगेच उघडे पडतात. मॉइसनाइट, म्हणजे हिऱ्यासारखा दिसणारा कृत्रिम खडा, मात्र साध्या टेस्टरवर हिऱ्यासारखाच आवाज देतो, त्याला वीजवाहकता तपासणारं यंत्र लागतं. आणि प्रयोगशाळेत वाढवलेला हिरा, ज्याला पेठेत सीव्हीडी म्हणतात, तो रासायनिकदृष्ट्या हिराच असल्याने या पेनाला कळत नाही. इथे दागिन्याचं वय मदतीला येतं. अमेरिकन डायमंडचं व्यापारी उत्पादन 1976 च्या सुमाराला सुरू झालं, मॉइसनाइट दागिन्यांत 1998 नंतर आला, आणि वाढवलेले हिरे पेठेत भरले ते अलीकडच्या वर्षांत. 1960 सालच्या लग्नातल्या कुडीत मूळचाच खडा असेल, तर तो हिरा निघेल किंवा काच, पांढरा पुष्कराज असं काही निघेल. सीव्हीडी निघणार नाही. पण मधल्या काळात एखादा खडा पडून नवा बसवला असेल, तर हा तर्क त्या एका खड्याला लागू नाही. वाढवलेल्या हिऱ्यांचे भाव गेल्या काही वर्षांत कोसळले आहेत. त्यामुळे कागद नसलेल्या खड्याकडे खरेदीदार संशयानेच बघतो आणि तो संशय भावातून वजा करतो.

घरी धुण्याआधी कोंदण उलटं करून बघा. मागून उघडं असेल तर कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ ब्रश पुरतो. तेलाचा थर गेला की खड्याचं तेज बदलतं, आणि पारखणाऱ्याचं मतही. मागून बंद कोंदण असेल तर पाण्याचा थेंबही नको. त्यात खड्याखाली डाक असतो, चकाकीसाठी लावलेला पातळ पत्रा. पाणी शिरलं की तो काळा पडतो आणि खडा मेल्यासारखा दिसतो. बंद कोंदणात लाखही भरलेली असते, म्हणून ते उघडल्याशिवाय सोन्याचं खरं वजन कोणालाच सांगता येत नाही. उघडण्याआधी अंदाजाने केलेली कपात मान्य करू नका.

खडे काढण्याचं काम हिऱ्याची सवय असलेल्या कारागिराकडूनच आणि तुमच्या डोळ्यांसमोर व्हावं. हिरा कठीण असतो, पण ठिसूळही असतो. खडा धरून ठेवणारा पंजा ओढताना हिऱ्याच्या कडेचा, म्हणजे गर्डलचा, टवका उडू शकतो. खड्यासकट दागिना आटणीला गेला तर त्याहून वाईट होतं: मोकळ्या ज्योतीत हिऱ्याचा पृष्ठभाग जळून दुधाळ होतो आणि पुन्हा पैलू पाडून वजन घालवावं लागतं. काढलेले खडे मोजा, पुडीत बांधा, पुडीवर संख्या आणि कॅरेट लिहा. खडा दाखवायला म्हणून पेढीवर ठेवायचाच असेल तर जांगड पावती घ्या. तीवर वजन, मिलिमीटरमधलं माप, आकार आणि परतीची तारीख हवी. नुसतं ‘एक हिरा’ असं लिहिलेल्या पावतीवर कुठलाही हिरा परत येऊ शकतो.

आता कुठल्या खड्यावर खर्च करायचा ते ठरतं. गोल खड्याचा व्यास मोजला तरी अंदाज येतो: 3 मिलिमीटर म्हणजे साधारण 10 सेंट, 4.1 म्हणजे पाव कॅरेट, 5.2 म्हणजे अर्धा, 6.5 म्हणजे एक. 10 सेंटच्या चौदा खड्यांचं वजन 1.40 कॅरेट भरलं तरी त्याची किंमत 1.40 कॅरेटच्या एका हिऱ्याच्या आसपासही जात नाही, कारण मोठ्या खड्याला दर कॅरेटचा भावच चढा असतो. अर्धा आणि एक कॅरेट या उंबरठ्यांवर तो उडी मारतो, 0.97 आणि 1.01 यांच्यातला फरक वजनापेक्षा पैशात जास्त दिसतो. बारीक खड्यांचे वेगळे रिपोर्ट काढण्यात अर्थ नाही. अर्ध्या कॅरेटच्या वरचा खडा मात्र रिपोर्टशिवाय विकू नये. हिऱ्यांची प्रतवारी करणाऱ्या जीआयए या संस्थेची प्रयोगशाळा मुंबईत आहे. ती प्रतवारीचा रिपोर्ट सुट्याच खड्याला देते, जडवलेल्याला नाही. आयजीआय ही दुसरी प्रयोगशाळा जडवलेल्या दागिन्याचाही रिपोर्ट देते, पण कोंदणात रंग आणि शुद्धता पूर्ण दिसत नाही, म्हणून विक्रीसाठी सुट्या खड्याचाच कागद कामाचा. रिपोर्टवर वजन, रंग, शुद्धता, पैलूंची प्रत असते. जीआयए त्यावर किंमत लिहीत नाही. आणि हॉलमार्क सोन्याचा असतो. हिऱ्याबद्दल तो एक शब्दही सांगत नाही.

जुन्या हिऱ्यांचे पैलू आजच्यासारखे नसतात. खडा जाड, टेबल म्हणजे वरचा सपाट पैलू लहान, खालचं टोक कापलेलं. बहुतेक व्यापारी तो आजच्या पद्धतीने पुन्हा घडवल्यावर किती वजन उरेल ते धरून भाव सांगतात. मूळ वजनाचा भाव मिळेल ही अपेक्षा तिथेच तुटते. पोलकीचं, म्हणजे पैलू न पाडलेल्या सपाट हिऱ्याचं, गणित तर याहून वेगळं आहे. गोल हिऱ्याच्या दराशी तिची तुलना करू नका.

खरेदीदारांबद्दल. ओळखीचा सराफ सोन्यासाठी घ्यावा. मोठ्या साखळी दालनांची अदलाबदल योजना साधारणपणे त्यांच्याच बिलाच्या हिऱ्यांना लागू असते, आणि रोकड हवी असेल तर नवा दागिना घेण्यापेक्षा कमी मिळतं. आजीच्या कुडीला त्यांचा उपयोग थोडाच. निपाणी-चिकोडीकडच्यांना कोल्हापूरची सराफपेठ, म्हणजे गुजरी, जवळ पडते. निपाणीहून कोल्हापूर सुमारे 40 किलोमीटर, आणि तिथे एका दुपारी चार-पाच पेढ्यांचे भाव घेता येतात. मधल्या आकाराच्या खड्यांसाठी आमची पसंती गुजरीला. एक कॅरेटच्या आसपासचा, रिपोर्ट असलेला खडा असेल तर मुंबईची वारी वसूल होते. पण वांद्रे-कुर्ला संकुलातल्या भारत डायमंड बोर्स या हिरेबाजारात कोणालाही सरळ आत जाता येत नाही. व्यापाऱ्याशी आधी वेळ ठरवूनच निघा.

भाव ऐकून धक्का बसतो, म्हणून बिलाची फोड समजून घ्या. समजा 1,03,000 रुपयांना घेतलेली अंगठी: सोनं 30,000, घडणावळ 15,000, हिरा 55,000, आणि 3 टक्के जीएसटीचे 3,000. विकताना घडणावळ आणि कर शून्य. हिऱ्याच्या 55,000 मध्ये दुकानाचा नफा आधीच होता. घेणारा तो वगळतो, स्वतःचा नफा ठेवतो आणि खडा कधी खपेल याची जोखीम कापतो. अर्धे म्हणजे 27,500 सांगितले, तर ते अपमानास्पद नाहीत. व्यापारी रॅपापोर्टच्या, म्हणजे हिरेव्यापारात आधाराला धरल्या जाणाऱ्या, दरयादीवरून किती टक्के खाली घेतो हे थेट विचारा. तीन ठिकाणचे हे टक्के एकमेकांशेजारी लिहिले की कोण किती देतो ते स्पष्ट होतं.

पैसे बँकेतूनच घ्या. 2 लाख किंवा त्याहून जास्त रोख घेण्यास कायद्याने मनाई आहे. घरगुती माणसाने जुना दागिना सराफाला विकला तर जीएसटी लागत नाही; त्या नावाने कपात सांगितली तर नाकारा. भावंडांचा हक्क असेल तर सगळ्यांच्या सह्यांचं संमतीपत्र सोबत ठेवा. वारशाने आलेल्या दागिन्यावर मिळताना कर नाही, विकताना नफ्यावर आहे. मूळ मालकाने दागिना बाळगल्याचा काळही धरला जातो, त्यामुळे दीर्घकालीन नफ्यासाठीची 24 महिन्यांची अट सहसा पूर्ण झालेलीच असते, आणि दर 12.5 टक्के, वर उपकर. दागिना 1 एप्रिल 2001 पूर्वी घरात आला असेल तर त्या तारखेची बाजारभावाची किंमत खरेदीची किंमत म्हणून धरता येते. त्यासाठी नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवाल दागिना अखंड असतानाच, फोटोंसह, कारागिराच्या हातात जाण्याआधी करून घ्या.