किक शॉटचा क्लास केला, पैसे वसूल

घराजवळच्या पूल पार्लरमध्ये महिनाभर शिकलो. किक शॉट म्हणजे बॉल आधी कुशनवर (टेबलाच्या रबरी कडेवर) आपटून मग हव्या त्या बॉलला लावायचा. आधी बॉल आडवा आला की मी नुसता अंदाजाने कुशनवर मारायचो, सरांनी डायमंड (कडेच्या लाकडावरच्या खुणा) मोजायला लावले. कॉर्नर फाइव्ह सिस्टीम म्हणजे क्यू बॉल (काठीने मारायचा पांढरा बॉल) जिथून निघतो त्या डायमंडच्या नंबरातून तिसऱ्या कुशनवर जिथे पोचायचंय तिथला नंबर वजा केला की पहिल्या कुशनवर कुठे मारायचं तो नंबर मिळतो, म्हणजे कोपऱ्यातून 5, जायचंय 2 वर, तर मारायचं 3 वर, पण रनिंग साइड (बॉल ज्या दिशेने फिरणार त्याच बाजूची फिरकी) द्यायचीच आणि नेम रबरावर नाही, मागच्या लाकडावरच्या डायमंडवर!! तीन कुशन फिरून पहिल्यांदा बॉल बरोबर लागला तेव्हा अंगावर काटाच आला राव. फक्त दोन्ही टेबलांची कापडं वेगळी, नव्यावर बॉल लांब जातो, त्यामुळे आकडा थोडा सरकवावा लागतो. बॅच मात्र चार जणांचीच ठेवा प्लीज, सहा जणांत टेबल मिळत नाही.