एसआरएच्या (झोपडपट्टी पुनर्वसनाच्या) रूमवर हेवी डिपॉझिट देणार असाल तर आधी हे वाचा, आमचे ५,९३,५०० गेलेत

आकडा पूर्ण लिहिते, म्हणजे कुणाला वाटायला नको की दहा-वीस हजारांची रडारड आहे. डिपॉझिट ५,५०,०००. एजंटची दलाली २५,०००, रोख. आणि रूमला रंग मारून ओटा-सिंक नीट करून घेतलं त्याचे १८,५००. डिपॉझिटमधले ३,२०,००० बँकेतून गेले आणि २,३०,००० रोख दिले. ह्यांच्या पीएफमधून काढलेले, माझ्या भिशीचे आणि सासूबाईंच्या पाटल्या ठेवून काढलेल्या गोल्ड लोनचे पैसे होते ते, आणि त्या लोनचं व्याज आम्ही आजही भरतोय.

हेवी डिपॉझिट म्हणजे मोठी रक्कम एकदम मालकाकडे ठेवायची, मग दर महिन्याचं भाडं नाही, रूम सोडताना रक्कम परत, मुंबईत हे कुणाला समजावायला नको. कांदिवली पूर्वेला आम्ही वन रूम किचनचं १४,००० भाडं भरत होतो, वर दर वर्षी वाढ. ते वाचलं तर मुलीच्या डिप्लोमाची फी निघेल एवढाच हिशोब होता. आता जे नातेवाईक 'फुकट राहायला गेलात ना' म्हणतात त्यांनी आमच्या पगारात १४ हजार भाडं भरून घर चालवून दाखवावं.

एजंटने त्याच भागातल्या एसआरए बिल्डिंगमध्ये सातव्या मजल्यावर रूम दाखवली. 'मालक' पन्नाशीचा, गळ्यात माळ, बोलायला इतका गोड की पाणी आणून दिलं, सासूबाईंच्या पाया पडला. अलॉटमेंट लेटरची (रूम मिळाल्याच्या पत्राची) कलर झेरॉक्स, आधार कार्ड, सगळं फाइलमध्ये लावलेलं. मी म्हटलं लाइट बिल दाखवा. त्याने बिल काढलं पण हातातच धरून ठेवलं, आणि अंगठा बरोबर नावावर. मला दिसलं ते. मी बघितलं त्या अंगठ्याकडे. तेवढ्यात एजंट बोलला की वहिनी बिल अजून जुन्या नावावर आहे, ट्रान्सफरला टाकलंय. आणि हे काही न पटण्यासारखं नव्हतं हो, अशा बिल्डिंगमध्ये वर्षानुवर्षं बिलं भलत्याच नावाने येतात, माझ्या जावेच्या घरी अजून बिल्डरच्या नावाने येतं. म्हणून मी गप्प बसले. आता रात्री झोप लागत नाही तेव्हा तोच अंगठा डोळ्यासमोर येतो, एक हात पुढे करून तो कागद ओढला असता तर आज हे लिहायची वेळ नसती.

लाइट बिल स्वतःच्या हातात घ्या. मोबाईलवर फोटो काढा. देत नसेल तर तिथूनच परत फिरा.

करार नोटरीवर केला, ५०० च्या स्टॅम्प पेपरवर. रजिस्टर का नाही विचारलं तर म्हणे एसआरएला रजिस्टर होत नाही, आणि पोलीस व्हेरिफिकेशनही करू नका, रूममध्ये कोण राहतंय ते बघायला सर्व्हेवाले आले तर सांगा आम्ही मामांकडे राहतो. हे ऐकून कुणी म्हणेल तेव्हा तरी कळायला पाहिजे होतं. पण त्या मजल्यावर किती घरात मूळ माणूस राहतो ते जाऊन बघा! सगळेच कुणाच्या तरी मामांकडे राहतात. नियम आहे की एसआरएत मिळालेलं घर ठराविक वर्षं विकायचं नाही, भाड्याने द्यायचं नाही, झोपडपट्टी कायद्यातच लिहिलंय, आणि सर्व्हेत दुसरंच कुणी राहताना सापडलं तर रूम खाली करायची नोटीस निघते. नियम सगळ्यांना माहीत, सोसायटीला माहीत, एजंटला माहीत. त्याच नियमाची भीती दाखवून ही माणसं आपल्याला कागद करू देत नाहीत, ही खरी मेख आहे यात.

एक दिवस दुपारी मी घरी एकटी असताना बाहेरून कुलपात चावी फिरली. दार उघडलं तर समोर नवरा-बायको, कडेवर लहान बाळ, खाली टेम्पोत सामान. त्यांच्याकडे आमच्यासारखाच नोटरीचा कागद, तोच 'मालक', तीच सही, डिपॉझिट ६,००,०००. ती पोरगी जिन्यातच बसून रडायला लागली. मग शेजाऱ्यांनी तोंडं उघडली. रूम ज्यांची आहे ते म्हातारा-म्हातारी गावाला असतात, आणि हा माणूस स्वतःच त्यांच्याकडून भाड्याने घेऊन राहत होता! सेक्रेटरीला हे सगळं ठाऊक होतं. आम्ही आधी विचारलं होतं तेव्हा 'तुमचं तुम्ही बघा, मी लिहून देणार नाही' एवढंच बोलला होता.

त्या 'मालकाचा' फोन तेव्हापासून बंद. एजंट म्हणतो मी फक्त रूम दाखवली. भाड्याच्या एजंटला रेराची (घरविक्रीवर देखरेख करणाऱ्या सरकारी यंत्रणेची) नोंदणी लागत नाही, ती विक्रीवाल्यांना, त्यामुळे तिथेही याचं कुणी काही करू शकत नाही.

आता पोलिसांचं ऐका. 'ताई हे सिव्हिल मॅटर आहे, कोर्टात जा.' एकच रूम दोन घरांना देणारा, दुसऱ्याच्या घराचा मालक म्हणून सही करणारा माणूस, आणि हे सिव्हिल? रोख रकमेचा पुरावा विचारला, आमच्याकडे साक्षीदार आहेत म्हटलं तर साहेब जेवायला गेलेत. अर्ज घेतला, एफआयआर नाही. घरांच्या सर्व्हेचं काम ज्या ऑफिसकडे आहे असं सांगितलं तिथे गेलो तर टेबलावरचा माणूस मान वर न करता म्हणाला तुम्हीच बेकायदा राहताय, तक्रार दिलीत तर पहिली नोटीस तुम्हालाच निघेल. वॉर्ड ऑफिसात म्हणे हा विषय आमच्याकडे येत नाही. मग येतो कुणाकडे? गरिबांना मिळालेल्या ३०० फुटांच्या रूमचा एजंट लोकांनी बाजार मांडलाय, बोर्ड लावून बसलेत रस्त्यावर, ते यांना दिसत नाही, आणि आम्ही पैसे घालवून दारात उभं राहिलो की आम्हीच बेकायदा!

वकिलाने जे सांगितलं ते पोलीस स्टेशनला जाण्याआधीच माहीत असू द्या. अशी फसवणूक भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये येते, जुनं ४२० तेच. स्टेशनला एफआयआर घेत नसतील तर तीच तक्रार लेखी, पोस्टाने डीसीपींना (पोलीस उपायुक्तांना) पाठवायची आणि पोचपावती जपायची, तरी हलले नाहीत तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज. आम्ही डीसीपींना पाठवलीय.

आणि रजिस्टरचं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५, लीव्ह अँड लायसन्स म्हणजे भाड्याने राहायचा करार लेखी आणि रजिस्टर पाहिजेच, ती जबाबदारी मालकाची, नाही केलं तर त्याला ५,००० पर्यंत दंड किंवा ३ महिन्यांपर्यंत कैद. स्टॅम्प ड्युटी किती लागते माहितीये? डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज धरून त्याच्या पाव टक्का. आमच्या साडेपाच लाखांवर अकरा महिन्यांचे सव्वाशे रुपये! वर नोंदणीचे १,०००. ऑनलाइन होतं, मालकाला आधारवर अंगठा द्यावा लागतो. भाड्याने न देण्याची ती ठराविक वर्षं संपली नसतील तर करार रजिस्टर असला तरी एसआरएच्या रूममधून बाहेर काढतील ते काढतीलच, पण निदान पैसे कुणाला दिले त्याचा धड कागद राहतो.

रोख एक रुपया देऊ नका. अलॉटमेंट लेटरवर ज्याचं नाव त्याच्याच खात्यात पैसे, आमचे ३,२०,००० 'भाच्याच्या' खात्यात घेतले त्याने. एजंट बरोबर नसताना शेजारच्या घरात विचारा मालक कोण, बायका खरं सांगतात.

त्या दुसऱ्या जोडप्याची आणि आमची तक्रार आता एकत्र आहे. कांदिवली-मालाड पूर्वेला अजून कुणाकडे असा नोटरीचा कागद असेल, डिपॉझिट घेऊन माणूस गायब असेल, तर लाजून घरी बसू नका, आमच्याबरोबर या. एकेकट्याला हे लोक उडवून लावतात, पाच-सहा घरं एकदम स्टेशनात उभी राहिली की बघू सिव्हिल कसं म्हणतात ते.