एलएमटीव्हीचा १४/२८ व्होल्ट अल्टरनेटर, १२ व्होल्टचं सामान लावायला कसा आहे

सर्प्लसमध्ये, म्हणजे लष्करानं वापरून विकायला काढलेल्या मालात, मिळणाऱ्या अमेरिकन आर्मीच्या ट्रकमधली मला सगळ्यात आवडलेली वस्तू म्हणजे एम१०७८ चा (एलएमटीव्ही मालिकेतला मालट्रक) अल्टरनेटर, इंजिनावर फिरून बॅटऱ्या भरणारा. लोक टायर आणि इंजिनाबद्दल बोलतात, मी अल्टरनेटरबद्दल बोलणार. इथे टेक्सासमध्ये सीलीला स्टुअर्ट अँड स्टीव्हनसननं बनवलेला हा अडीच टनी ट्रक, स्टार्टरपासून बरंचसं २४ व्होल्टवर, आणि आपल्याला लावायचं असतं ते सगळं १२ चं, म्हणजे सीबी रेडिओ, डॅशकॅम, मोबाइल चार्जर, छोटा फ्रिज. माझ्या ट्रकवर निहॉफ कंपनीचा आहे, ब्रशलेस (आत घासून झिजणारे ब्रश नाहीत), २८ आणि १४ अशी दोन वेगळी आउटपुट (२४ ची बाजू भरायला २८, १२ ची भरायला १४), निगेटिव्ह दोन्हींचं एकच.

आता यात एवढं काय, तर आपल्याकडे ट्रकवाले एकीला एक जोडून २४ केलेल्या १२ च्या दोन बॅटऱ्यांपैकी एकीवरनं वायर काढून टेप वाजवतात ते आठवा. टेप वाजतो, पण ती एकच बॅटरी उतरत जाते. साधा २८ व्होल्टचा अल्टरनेटर फक्त दोन्हींची बेरीज बघतो, त्यामुळे अर्थिंगकडची, म्हणजे खालची, १२.५ वर लोळत असली तर वरचीला १५.५ बसतात, मग एक कायम उपाशी आणि दुसरी उकळून पाणी संपवते, काही महिन्यांत जोडी बाद. एलएमटीव्हीत १४ चं आउटपुट दोन बॅटऱ्यांच्या मधल्या जोडावर येतं, म्हणजे तुम्ही खालच्या बाजूनं जेवढं ओढलं तेवढं तो गाडी चालू असताना परत भरतो, वरच्या बॅटरीला पत्ताही लागत नाही.

हमव्ही (अमेरिकन आर्मीची जीपसारखी रुंद गाडी) घेणाऱ्यांनी हे वाचून खूश होऊ नका, बहुतेक हमव्हींना फक्त २८ चाच असतो, तिथे २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर नाहीतर व्हॅनर कंपनीचा असतो तसा दोन्ही बॅटऱ्या सारख्या ठेवणारा इक्वलायझर लागतोच. आणि १९८४ ते १९८७ च्या शेवरोले सीयूसीव्हीत (आर्मीसाठी केलेले शेवरोलेचे पिकअप वगैरे) तर दोन अख्खे १२ व्होल्टचे अल्टरनेटर बसवलेत, एकाचं निगेटिव्ह बॉडीपासून वेगळं, चालतं बरं पण वायरिंग बघून डोकं गरगरतं.

जोडणी माझी साधी आहे. १२ च्या बाजूवरनं एक जाड वायर, बॅटरीजवळच फ्यूज, तिथून केबिनमध्ये वेगळा फ्यूज ब्लॉक आणि त्यावर रेडिओ, कॅमेरा, चार्जर. सामानाचं निगेटिव्ह ट्रकच्या नेहमीच्या अर्थिंगला. १४ च्या बाजूचे अँपिअर नेमप्लेटवर वेगळे बघून घ्या, मोठा आकडा १४ च्या बाजूलाही मिळतो असं समजून चालू नका. नाटो सॉकेट, म्हणजे बाहेरून जंप द्यायचं लष्करी सॉकेट, पूर्ण २४ चं असतं, त्यात रेडिओ घातला की रेडिओ गेला.

एक तारा कापतोय तो गाडी बंद असतानासाठी. इंजिन बंद म्हणजे अल्टरनेटर बंद, मग मधल्या जोडावरचा फ्रिज पुन्हा तोच टेपवाला जुगाड होतो. त्यामुळे कॅम्पिंगला जो लोड रात्रभर चालणार तो मी तिथून काढून व्हिक्ट्रॉनच्या ओरायन २४/१२ कन्व्हर्टरवर टाकलाय, तो पूर्ण २४ वरनं घेतो, म्हणजे १२ ला १० अँपिअर हवे असतील तर २४ कडून पाचाच्या थोडे वर जातात आणि दोन्ही बॅटऱ्या सारख्या उतरतात. उतरतात मात्र नक्की, सकाळी स्टार्टर फिरायला हवा असेल तर लो व्होल्टेज कटऑफ, म्हणजे बॅटरी फार उतरली की लोड तोडणारा स्विच, लावा, किंवा फ्रिजसारख्या सामानाची बॅटरी वेगळीच ठेवा.

जुना अल्टरनेटर घेताना एक गोष्ट कुणी सांगत नाही. एका सर्प्लसवाल्यानं मला जो टेस्टेड म्हणून दाखवला त्याचा २८ एकदम झकास होता आणि १४ मेलेला, त्यानं तपासलं होतं फक्त मोठं टर्मिनल. डॅशवरच्या काट्यावर भरवसा ठेवू नका, इंजिन चालू करून मल्टिमीटर खालच्या बॅटरीवर लावा, मग वरच्या, दोन्हीकडे १४ च्या आसपास यायला हवेत. एकीकडे १२.५ आणि दुसरीकडे १५.५ दिसले तर पैसे खिशातच राहू द्या. ट्रकला चार बॅटऱ्या असतात, दोन दोनच्या जोड्या, तेव्हा चारही मोजा.

वजनाला दणकट आहे, एकट्यानं उतरवायच्या भानगडीत पडू नका. नवा घ्यायला गेलात तर किंमत ऐकून चहा गार होतो, पण चालू ट्रकवर आधीच बसलेला असेल तर फक्त रेडिओ आणि चार्जरसाठी कन्व्हर्टरवर पैसे घालायची गरज नाही. पाचपैकी चार.