रॅकमधील फटी बुजवणाऱ्या पट्ट्या आणि केबलचे ब्रश: सहा महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या कार्यालयातील सर्व्हर रूम लहान आहे. आठ रॅक (सर्व्हर बसवण्याचे उभे सांगाडे), दोन प्रिसिजन एसी, म्हणजे सर्व्हर रूमसाठीचे खास एसी, आणि खाली फॉल्स फ्लोअर, म्हणजे उचललेली फरशी, जिच्या खालच्या पोकळीतून थंड हवा येते. गेल्या उन्हाळ्यात रॅकच्या वरच्या भागातील सर्व्हरांकडून तापमानाचे इशारे वारंवार येऊ लागले, तेव्हा तिसरा एसी घेण्याचा प्रस्ताव जवळजवळ मंजूर झाला होता. वास्तविक खोलीत थंड हवेची कमतरता नव्हती. सर्व्हर पुढून हवा ओढतो आणि मागून गरम हवा सोडतो. रॅकमधील रिकामे कप्पे उघडे राहिले की ती गरम हवा त्यांतूनच पुढे येते आणि सर्व्हर पुन्हा तीच ओढत राहतो. रॅकच्या तळाशी १९ अंश असताना वरच्या टोकाला थर्मामीटर २९ दाखवत होता. ॲशरे या वातानुकूलन अभियंत्यांच्या संघटनेची शिफारस १८ ते २७ अंशांची आहे आणि तीही सर्व्हरच्या तोंडाशी मोजलेल्या हवेसाठी. खोलीच्या भिंतीवरचा आकडा येथे उपयोगाचा नाही.

आम्ही घेतलेल्या ब्लँकिंग पट्ट्या, म्हणजे रिकामे कप्पे झाकणाऱ्या पट्ट्या, प्लॅस्टिकच्या असून एका यूच्या, म्हणजे ४४.४५ मिलिमीटर उंचीच्या कप्प्यासाठी आहेत. चौकोनी भोकांच्या रॅकवर त्या स्क्रूशिवाय, अंगठ्याने दाबताच घट्ट बसतात. ‘सर्व रॅकांना चालतात’ हा विक्रेत्याचा दावा मात्र खरा नाही. आमच्या दोन जुन्या रॅकांना गोल, आट्यांची भोके आहेत. तेथे पट्ट्या केबल टायने बांधाव्या लागल्या आणि ते दिसायला ओंगळच दिसते. घाईने काढताना दोन पट्ट्यांचे कानही तुटले.

त्यामानाने फरशीतील केबलच्या भोकांना लावलेले, केबल जाऊ देऊन उरलेली फट झाकणारे ब्रश अधिक मोलाचे ठरले. रॅकमागच्या एका भोकावर कागदाचा कपटा धरला तर तो हातातून उडत होता, म्हणजे पैसे मोजून थंड केलेली हवा थेट गरम बाजूला जात होती. ही गळती आधी थांबवावी आणि पट्ट्या त्यानंतर लावाव्यात, असे माझे मत आहे. आम्ही नेमके उलट केले. दोन्ही कामे झाल्यावर वरचे तापमान २४ अंशांच्या आसपास स्थिरावले आणि नव्या एसीचा विषय मागे पडला.

विजेची बचत मात्र आपोआप होत नाही. एसीच्या पंख्याचा वेग ८० टक्क्यांवर आणला तर त्याची वीज जवळपास निम्मी होते, परंतु त्यासाठी वेग बदलता येणारा पंखा लागतो. आमच्या दोनपैकी एकाच एसीला तो आहे.

थंड मार्गिकेला, म्हणजे रॅकच्या पुढच्या थंड हवेच्या वाटेला, लावायचे पडदे आम्ही तूर्त घेतलेले नाहीत, कारण आगीच्या वेळी सोडला जाणारा वायू आणि धूरशोधक यांच्या आड ते येणार नाहीत, याची खात्री अग्निशमन व्यवस्था पाहणाऱ्यांकडून अद्याप मिळालेली नाही.

पट्ट्या गरजेपेक्षा दहा-बारा जास्त घ्याव्यात. नवे उपकरण बसवताना काढलेल्या पट्ट्या परत लावल्या जात नाहीत. गेल्याच महिन्यात अशा तीन पट्ट्या मला यूपीएसच्या मागे धूळ खात पडलेल्या सापडल्या.